मित्रांसोबत गाडीतलं घर घेऊन वाळवंटात : अमेरिकेतलं आरव्ही कॅम्पिंग नेमकं चालतं कसं?

ब्रेकिंग बॅड पाहिलेल्या प्रत्येकाला ती खिळखिळी गाडी आठवते. १९८६ सालची फ्लीटवूड बाउंडर. दुसऱ्या सीझनमध्ये वॉल्टर आणि जेसी तिच्यात बसून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चार दिवसांसाठी जातात. काम फत्ते होतं, पण निघायची वेळ येते तेव्हा गाडी सुरूच होत नाही. किल्ली इग्निशनमध्ये राहिलेली असते आणि बॅटरी उतरलेली असते. जनरेटर लावून बॅटरी चार्ज करायला जातात तर तोच पेट घेतो. जेसी घाबरून हाताला लागेल त्या पाण्याने आग विझवतो, आणि ते नेमकं प्यायचं पाणी असतं. शेवटी नाणी, नट-बोल्ट आणि ब्रेक पॅड वापरून वॉल्टर बॅटरी बनवतो आणि दोघं वाचतात.

मालिका म्हणून धमाल आहे. पण दर हिवाळ्यात लाखो माणसं अशीच गाडी घेऊन अमेरिकेच्या वाळवंटात मुक्कामाला जातात, आणि त्यांचीही गणितं याच तीन गोष्टींवर अडतात : पाणी, बॅटरी आणि परतीचा रस्ता. केमिस्ट्रीचा सर मात्र प्रत्येक ग्रुपमध्ये नसतो.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल, थोडक्यात चाकांवरचं घर. यातही प्रकार आहेत. बससारखी मोठी असते ती क्लास ए. डिलिव्हरी व्हॅनच्या आकाराची, आत उभं राहता येईल एवढी ती क्लास बी. ट्रकच्या चॅसिसवर मागे खोली बसवलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळ्यासारखा बेड असलेली ती क्लास सी. याशिवाय पिकअपच्या मागे ओढायचे ट्रेलर वेगळेच. मित्रांचा ग्रुप भाड्याने घेतो ती बहुतेक वेळा क्लास सी. चार ते सहा माणसं झोपतात, आत गॅसची शेगडी, फ्रिज, टॉयलेट, शॉवर सगळं असतं आणि ती चालवायला सहसा साधा कारचा परवाना पुरतो. ट्रक चालवायचा परवाना लागेल असं वाटून अनेकजण घाबरतात, ती भीती चुकीची. भारतातून गेलेले पर्यटक आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवतात. भाडे कंपन्यांची वयाची अट मात्र आधी बघावी लागते. कुठे २१ असते, कुठे २५.

पेट्रोलचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. क्लास सी गाडी गॅलनला आठ-दहा मैल जाते. म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेतीन ते सव्वाचार किलोमीटर.

पण वाळवंटात गाडी लावायची कुठे?

अमेरिकेत जमिनीचा एक मोठा हिस्सा थेट केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. त्यातली सगळ्यात जास्त जमीन सांभाळतं ते ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम. त्यांच्याकडे जवळपास २४.५ कोटी एकर जमीन आहे. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ साधारण ७.६ कोटी एकर भरतं, यावरून अंदाज यावा. तीन महाराष्ट्र बसवून वर जमीन शिल्लक राहील. यातली बरीचशी जमीन पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत आहे : नेवाडा, युटा, ॲरिझोना, कॅलिफोर्नियाचा पूर्व भाग.

या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो. नियम सर्वसाधारणपणे असा की २८ दिवसांत १४ दिवस एका जागी राहायचं आणि मग तळ हलवायचा. नळ नाही, वीज नाही, संडास नाही, कचराकुंडी नाही. अशा बिनसोयीच्या मुक्कामाला तिथे बूनडॉकिंग म्हणतात, आणि आरव्हीवाल्यांच्या जगात ज्याने बूनडॉकिंग केलं नाही त्याला थोडं कच्चंच समजतात.

याची राजधानी म्हणता येईल असं गाव म्हणजे ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट. फिनिक्सहून लॉस एंजेलिसकडे जाणारा इंटरस्टेट १० हा हायवे धरला, की सुमारे २०० किलोमीटरवर, कॅलिफोर्नियाची हद्द लागायच्या थोडं आधी हे गाव येतं. कायमची वस्ती अडीच हजारांच्याही आत. जुलैत तिथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यामुळे उन्हाळ्यात गाव जवळपास झोपलेलं असतं. जानेवारीत मात्र दिवसा २० अंशांच्या आसपास मस्त ऊन असतं. मिनेसोटा, मिशिगन, कॅनडा इथे बर्फ साचलेला असताना तिकडचे निवृत्त लोक पक्ष्यांसारखे दक्षिणेकडे स्थलांतर करतात. त्यांना नावच स्नोबर्ड पडलंय. गावाभोवतीचं वाळवंट बघता बघता पांढऱ्या गाड्यांनी भरून जातं.

या गर्दीची सुरुवात दगडांपासून झाली. १९६० च्या दशकात इथल्या गावकऱ्यांनी खनिजं, रत्नं आणि रंगीत दगडांचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. मग त्याला जोडून जुन्या वस्तूंचे बाजार आले, आणि पुढे जानेवारीत भरणारं आरव्हीचं मोठं प्रदर्शन आलं. भल्यामोठ्या मंडपात नऊ दिवस सोलर पॅनलपासून टॉयलेटच्या सीलपर्यंत सगळं विकायला असतं. जत्राच म्हणायची. फरक इतकाच की जत्रेला आलेला माणूस घर सोबत घेऊन आलेला असतो.

गर्दी इतकी वाढली की बीएलएमने १९८३ मध्ये वेगळी योजना काढली. काही ठरावीक जागी १४ दिवसांची मर्यादा उठवून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सलग सात महिने राहायची परवानगी दिली. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला असलेली ला पोसा ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध जागा, सुमारे ११,४०० एकरांची. अख्ख्या हंगामाची फी अनेक वर्षं १८० डॉलर होती. दिवसाला एक डॉलरही पडत नाही. दोन आठवड्यांसाठी आलेल्यांना ४० डॉलर. या पैशांत प्यायचं पाणी भरून घ्यायची, टाक्या रिकाम्या करायची आणि कचरा टाकायची सोय मिळते. जायच्या आधी चालू दर बीएलएमच्या साइटवर बघून घेतलेले बरे.

मध्येच एक उंटाची गोष्ट

क्वार्ट्झसाइटच्या स्मशानात दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. ही समाधी हाजी अली नावाच्या उंटवाल्याची. तो आला ऑटोमन साम्राज्यातून.

झालं असं होतं की १८५५ मध्ये अमेरिकी संसदेने लष्करासाठी उंट आणायला ३०,००० डॉलर मंजूर केले. नैऋत्येकडच्या वाळवंटातून सामान वाहायला घोडे-खेचरं कमी पडत होती. १८५६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर उंट उतरले आणि त्यांच्यासोबत त्यांना हाकणारी माणसंही. १८५७ मध्ये एडवर्ड बील यांच्या मोहिमेत हे उंट ॲरिझोनातून कॅलिफोर्नियापर्यंत गेले. कामगिरी चांगली झाली, पण सैनिकांना उंट आवडले नाहीत आणि खेचरं त्यांना बिचकायची. पुढे यादवी युद्ध सुरू झालं आणि प्रयोग गुंडाळला गेला. काही उंट विकले, काही सोडून दिले. हाजी अली मात्र तिथेच राहिला. अमेरिकी जिभेला त्याचं नाव झेपेना, म्हणून त्याचा हाय जॉली झाला. १९०२ मध्ये तो वारला. ॲरिझोनाच्या हायवे खात्याने १९३५ मध्ये ती समाधी बांधली.

या भागात चाकांवरचं घर घेऊन येणाऱ्यांना पाण्याचा हिशेब शिकावा लागतो. उंटाला तो लागत नव्हता.

पाणी : खरी परीक्षा इथे

भाड्याच्या क्लास सी गाडीत चांगल्या पाण्याची टाकी साधारण ४० गॅलनची, म्हणजे १५० लिटरची असते. ऐकायला भरपूर वाटतं. पण घरातल्या सवयीने शॉवर घेतला तर मिनिटाला सात-आठ लिटर पाणी जातं. दहा मिनिटांच्या आंघोळीत अर्धी टाकी गेली. दोघांच्या आंघोळी झाल्या की चौघांच्या ग्रुपची तीन दिवसांची तरतूद पहिल्याच सकाळी संपते. नवख्या ग्रुपमधलं पहिलं भांडण बहुतेक यावरूनच होतं.

म्हणून अनुभवी लोक नौदलातली पद्धत वापरतात. अंग ओलं करायचं, पाणी बंद. साबण लावायचा, मग पाणी सुरू करून धुवायचं, पुन्हा बंद. आठ-दहा लिटरमध्ये काम होतं. बादली-तांब्यावर वाढलेल्या माणसाला हे काही वेगळं शिकवावं लागत नाही. फिनिक्स, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो या भागात राहणारे मराठी ग्रुप लाँग वीकेंडला आरव्ही घेऊन निघतात, तेव्हा गाडीत बादली टाकली तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

प्यायचं पाणी या टाकीच्या भरवशावर ठेवायचं नसतं. डेथ व्हॅली नॅशनल पार्कचा सल्ला आहे की माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी सोबत हवं. चौघं, चार दिवस म्हणजे ६४ लिटर, आणि तेही वेगळ्या कॅनमध्ये. एकाच मोठ्या कॅनपेक्षा आठ-दहा छोटे कॅन चांगले. एक फुटला तरी बाकीचे राहतात. हिवाळ्यात घाम दिसत नाही म्हणून तहान कमी लागते, पण कोरड्या हवेत अंगातलं पाणी उडतच असतं. दुपारी डोकं दुखायला लागलं की त्याचं कारण बहुतेक वेळा पाणीच असतं.

यातली खरी गोम अशी की पाणी संपायच्या आधीच सांडपाण्याची टाकी भरते. बेसिन आणि शॉवरचं पाणी एका टाकीत जातं, तिला ग्रे टँक म्हणतात. संडासाचं दुसऱ्या टाकीत, ती ब्लॅक टँक. ग्रे टँक बरेचदा चांगल्या पाण्याच्या टाकीपेक्षा लहान असते. ती भरली की घाण पाणी उलटं शॉवरच्या तळाशी वर येतं. म्हणून ताटं धुवायच्या आधी टिश्यूने पुसून घेणं, तांदूळ धुतलेलं पाणी झाकून दुसऱ्या कामाला ठेवणं, खिचडी-पिठल्यासारखे एका भांड्यातले बेत करणं, असल्या बारीक गोष्टींना तिथे मोठी किंमत असते. प्रेशर कुकर सोबत असेल तर गॅसही वाचतो. फक्त फोडणी देताना खिडकी आणि वरचा पंखा उघडा ठेवावा. एवढ्याशा खोलीत मिरचीचा खाट उठला की स्मोक अलार्म बोंबलायला लागतो आणि बाहेर झोपलेल्या शेजाऱ्यांना वाटतं आग लागली.

ब्लॅक टँकबद्दल कोणी स्वतःहून बोलत नाही, पण ती रिकामी करायचं काम कोणाला तरी करावंच लागतं. डंप स्टेशनवर जाऊन तीन इंची पाइप जोडायचा, आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे. म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. क्रम उलटा केला की काय होतं हे ज्याला कळतं तो पुन्हा चुकत नाही. रॉबिन विल्यम्सचा २००६ चा आरव्ही नावाचा सिनेमा याच प्रसंगासाठी लोकांना आठवतो. ही टाकी वाळवंटात उघड्यावर सोडणं बेकायदा आहे. आणि ती न धुता गाडी परत केली तर भाडे कंपनी वेगळे पैसे लावते.

बॅटरी, गॅस आणि रात्रीची थंडी

आता वॉल्टर-जेसीच्या बॅटरीकडे येऊ. मोटरहोममध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, दुसरी घराची. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं घराच्या बॅटरीवर चालतं. रात्रभर दिवे चालू राहिले तरी सकाळी गाडी सुरू व्हावी, हाच यामागचा हेतू. बहुतेक मोटरहोममध्ये डॅशबोर्डवर एक बटणही असतं. इंजिनाची बॅटरी उतरली तर ते दाबून धरायचं, दोन्ही बॅटऱ्या क्षणभर जोडल्या जातात आणि गाडी सुरू होते. गाडी ताब्यात घेताना हे बटण कुठे आहे ते विचारून ठेवावं. बरेचजण वायफायचा पासवर्ड विचारतात आणि हे विसरतात.

घराची बॅटरी १२ व्होल्टची, समजा १०० अँपिअर-अवरची आहे. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्म्याखाली उतरवायची नसते, नाहीतर तिचं आयुष्य कमी होतं. म्हणजे वापरायला मिळतात ५० अँपिअर-अवर, साधारण ६०० वॉट-अवर. लिथियम बॅटरी जवळपास पूर्ण वापरता येते, पण ती महाग असते आणि भाड्याच्या गाडीत असेलच असं नाही.

आता रात्र. जानेवारीत क्वार्ट्झसाइटला रात्री तापमान ५-६ अंशांपर्यंत उतरतं. दिवसा टी-शर्टमध्ये फिरलेले मित्र रात्री हीटर लावतात. हीटर गॅसवर चालतो, त्यामुळे विजेची चिंता नाही असं सगळ्यांना वाटतं. पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि तो सात-आठ अँपिअर खातो. रात्रभरात मिळून पाच तास चालला तरी ३५ ते ४० अँपिअर-अवर गेले. म्हणजे बॅटरीचा वापरता येणारा बहुतेक भाग. पहाटे चारला हीटर बंद पडतो, पाण्याचा पंप मंद होतो आणि मग कोणाला तरी उठून जनरेटर लावावासा वाटतो. ला पोसामध्ये रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ आहे, त्यामुळे तेही करता येत नाही. थर्मोस्टॅट कमीवर ठेवून जाड रजया नेणं हा त्यावरचा सोपा आणि स्वस्त उपाय.

एसीचं तर नावच काढायला नको. छतावरचा एसी सुमारे १,५०० वॉट घेतो. साध्या बॅटरीवर तो चालत नाही. जनरेटर हवा किंवा खांबावरची वीज हवी. छतावर १०० वॉटचं सोलर पॅनल असेल तर हिवाळ्यातल्या चांगल्या उन्हात दिवसाला ३००-४०० वॉट-अवर मिळतात. मोबाइल, दिवे, पंप यांना तेवढं पुरतं.

जनरेटरची एक गोष्ट मात्र गंमतीत घेण्यासारखी नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेत श्वासावाटे गेला तर माणूस उठतच नाही. आरव्हीत यासाठी अलार्म बसवलेला असतो. काहीजण त्याच्या टिकटिकीला कंटाळून त्याची बॅटरी काढून ठेवतात. मित्रमित्र मिळून चार गाड्या वर्तुळात लावतात आणि मध्ये शेकोटी करतात, तेव्हा आपल्या जनरेटरचा धूर शेजारच्या खिडकीत तर जात नाही ना, हे वारा कुठून येतोय ते बघून ठरवावं लागतं. ला पोसामध्ये दोन मुक्कामांत किमान १५ फूट अंतर ठेवण्याचा नियम आहे. त्याहून जास्त ठेवलेलं केव्हाही चांगलं. शेगडी पेटवून गाडी गरम करायचा मोह होतो, तो याच कारणाने टाळायचा.

जिथे डांबर संपतं

क्लास सी गाडी भरलेली असताना सहा-साडेसहा टनांपर्यंत जाते. मागे जोडचाकं, पुढे फिरणारी ताकद मागच्याच चाकांना, जमिनीपासून उंची कमी. ही गाडी जीप नाही. वाळूत चाक रुतलं आणि ॲक्सिलरेटर दाबला की ते आणखी खोल जातं. अशा वेळी थांबायचं, चाकापुढची वाळू फावड्याने काढायची, टायरमधली हवा थोडी कमी करायची आणि चाकाखाली फळी किंवा मॅट सरकवायची. रस्त्यावर मदत देणाऱ्या नेहमीच्या सेवा बहुतेक वेळा डांबरी रस्ता सोडून आत येत नाहीत. बरेच भाडे करारही कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही असं बारीक अक्षरात सांगतात. ती अक्षरं वाचावीत.

यावर जुन्या लोकांची युक्ती साधी आहे. ग्रुपमधल्या एकाने छोटी कार आणायची. आरव्ही हायवेजवळ थांबवायची, कार पुढे पाठवून जागा बघायची, वळायला जागा आहे का ते तपासायचं आणि मगच घर आत न्यायचं. जिथे आधी कोणी मुक्काम केल्याच्या खुणा आहेत, तीच जागा निवडायची. जमीन तिथे घट्ट असते आणि नवीन झाडंझुडपंही चिरडली जात नाहीत. दोन हात वर केल्यासारखे दिसणारे उंच साग्वारो निवडुंग तर ॲरिझोनात कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना इजा करणं गुन्हा आहे.

मुक्कामासाठी सगळ्यात सपाट, गुळगुळीत, मोहात पाडणारी जागा दिसते ती बहुतेक वेळा कोरड्या ओढ्याचं पात्र असतं. तिकडे त्याला वॉश म्हणतात. आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना दूरच्या डोंगरात पडलेला पाऊस या पात्रातून लोंढा होऊन येतो. पाणी ओसंडणाऱ्या रस्त्यावर लावलेलं बॅरिकेड ओलांडून कोणी गाडी घातली आणि तिला बाहेर काढावं लागलं, तर त्या बचावाचा खर्च ॲरिझोना सरकार त्याच ड्रायव्हरकडून वसूल करू शकतं. १९९५ च्या या कायद्याला लोकांनी दिलेलं नाव आहे स्टुपिड मोटरिस्ट लॉ. मूर्ख वाहनचालक कायदा. रक्कम २,००० डॉलरपर्यंत.

आणि मग रस्ता चुकणं. डेथ व्हॅली हे कॅलिफोर्नियातलं खोरं. १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं, जगातला अधिकृत विक्रम. १९९६ च्या जुलैमध्ये जर्मनीहून आलेले चार पर्यटक, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, भाड्याच्या मिनीव्हॅनमध्ये या पार्कात शिरले आणि बेपत्ता झाले. त्यांची व्हॅन ऑक्टोबरमध्ये सापडली, अँव्हिल कॅन्यन नावाच्या निर्जन घळीत. तीन टायर बसलेले होते. ती व्हॅन जाईल असा तो रस्ताच नव्हता. माणसांचा मात्र पत्ता लागला नाही. तब्बल तेरा वर्षांनी, २००९ मध्ये, शोधकार्य करणाऱ्या स्वयंसेवकांना गाडीपासून कित्येक किलोमीटर दूर दोघा मोठ्यांचे अवशेष सापडले. नकाशावर जवळ दिसणाऱ्या लष्करी तळाच्या दिशेने मदत मागायला ते चालत निघाले असावेत, असा शोध घेणाऱ्यांचा अंदाज आहे. नकाशावर तळाची हद्द होती. प्रत्यक्षात त्या हद्दीवर पहारा वगैरे काही नव्हतं.

गाडी बंद पडली तर तिला सोडून जायचं नाही, हा नियम तिथले रेंजर पुन्हा पुन्हा सांगतात, तो अशाच घटनांमुळे. गाडी सावली देते आणि हेलिकॉप्टरमधून माणसापेक्षा गाडी कितीतरी आधी दिसते. आरव्हीत तर पाणी आणि अन्नही असतं. मोबाइलच्या जीपीएसने दाखवलेला जवळचा रस्ता पकडून लोक अडकतात. त्या प्रकाराला तिथल्या रेंजरनी डेथ बाय जीपीएस असं नाव दिलंय. कागदी नकाशा, सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवलेली परतायची वेळ, एवढं असलं तरी पुष्कळ. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये सॅटेलाइट एसओएस आहे, पण बॅटरी उतरलेल्या फोनचा त्यात काही उपयोग नाही. अनेक भाडे कंपन्या ऐन उन्हाळ्यात आपली गाडी डेथ व्हॅलीत न्यायलाच मनाई करतात.

शेजारची गाडी

शुक्रवारी आलेल्या मित्रांच्या ग्रुपला शेजारच्या जुन्या व्हॅनमधली एकटी आजी सुट्टीवर आलीये असं वाटू शकतं. तसं नसण्याची शक्यताही तेवढीच असते. २००८ च्या मंदीनंतर घराचे हप्ते किंवा भाडं परवडेनासं झालेले अनेक म्हातारे अमेरिकन गाडीतच राहायला लागले. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडवर नोकरी, दिवाळीनंतरच्या ख्रिसमसच्या गर्दीत गोदामात काम, आणि हिवाळ्यात वाळवंट. पत्रकार जेसिका ब्रूडर यांनी या लोकांवर २०१७ मध्ये नोमॅडलँड हे पुस्तक लिहिलं. त्यावर क्लोई झाओ यांनी काढलेल्या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातली बरीच पात्रं खरीच गाडीत राहणारी माणसं आहेत. बॉब वेल्स त्यांपैकीच एक. क्वार्ट्झसाइटजवळ त्यांनी २०१० मध्ये एक मेळावा सुरू केला, रबर ट्रॅम्प राँदेव्हू. स्वस्तात सोलर कसं बसवायचं, पोलिसांनी दार ठोठावलं तर काय बोलायचं, पाच गॅलनच्या बादलीचं टॉयलेट कसं करायचं, हे तिथे शिकवलं जातं.

या लोकांसाठी १४ दिवसांचा नियम म्हणजे दर पंधरवड्याला घर हलवणं. वाहन परवाना, विमा, पेन्शन यासाठी कायमचा पत्ता लागतो, तो कुठून आणायचा हाही प्रश्न. गेली अनेक वर्षं यांच्यातले कितीतरी जण कागदोपत्री दक्षिण डकोटाचे रहिवासी आहेत. त्या राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून आणि टपालासाठी पेटी भाड्याने घेऊन वाहन परवाना मिळत आलाय.

म्हणून शेजाऱ्यांशी बोलताना थोडं सांभाळून. पण बोलावं जरूर. कुठल्या वॉशमध्ये गाडी रुतते, कुठे पाणी स्वस्त मिळतं, हीटरचा पंखा आवाज करायला लागला तर काय करायचं, याची उत्तरं यूट्यूबपेक्षा त्या आजींकडे लवकर मिळतात.

मित्रांमध्ये आधी ठरवायच्या गोष्टी

गाडी कोण कोण चालवणार, त्यांची नावं करारात घातली आहेत का हे पहिलं. नाव नसलेल्याने चालवली आणि ठोकली तर विमा हात वर करतो. किलोमीटरची मर्यादा आणि जनरेटरचे तासाचे पैसे वेगळे लागतात, ते वाटून घ्यायचे की वापरणाऱ्याने द्यायचे, ते निघण्याआधी बोलून घ्यावं. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवावी. १२ फुटांच्या गाडीने ११ फुटांच्या पेट्रोल पंपाखाली शिरणं ही भाड्याच्या आरव्हींची नेहमीची कहाणी आहे. छतावरचा एसी गेला की पूर्ण ट्रिपचा नफा-तोटा बदलतो. निघताना एकाने बाहेरून फेरी मारायची : पायरी आत घेतली का, गॅस बंद का, पाइप काढला का, कपाटांची दारं लागली का. हे काम नेहमी एकाच माणसाकडे ठेवावं. सगळ्यांनी केलं की कोणीच करत नाही.

आणि ब्लॅक टँक कोण रिकामी करणार? चिठ्ठ्या टाका.

मार्च संपत आला की दुपारी ऊन चटके द्यायला लागतं. ला पोसामधल्या गाड्या एकेक करून उत्तरेची वाट धरतात. १५ एप्रिलला लांब मुक्कामाचा हंगाम संपतो. बाजाराचे मंडप उतरतात. जिथे शेकोट्यांचे गोल होते तिथे काळे दगड तेवढे राहतात, आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गावात पुन्हा अडीच हजारांहून कमी माणसं असतात.